अंधुक दिसणाऱ्या मुलाची चाचणी घेण्याआधी

‘फळ्यावरचं दिसतंय का रे?’ असं विचारू नका. पोरगं सगळ्यांदेखत ‘हो गुरुजी’ म्हणणारच. त्यापेक्षा एकाच काठिण्याचे दोन उतारे घ्या. एक पाठ्यपुस्तकातला, दुसरा १८ ते २४ पॉइंट आकाराच्या मोठ्या, ठळक अक्षरांत छापलेला. दोन्ही मोठ्याने वाचून घ्या, वेळ आणि चुका टिपून ठेवा. मोठ्या अक्षरांत वाचन सुधारलं, तर अडचण बहुधा वाचनाची नाही, नजरेची आहे. अशा लेकराला ‘कच्चं’ ठरवणं म्हणजे अन्यायच.

मराठवाड्यात सकाळच्या शाळेत पूर्वेच्या दारातून ऊन थेट फळ्यावर येतं आणि अक्षरं चमकून पुसट होतात. दाराला जाडसर पडदा लावा. मुलाला पहिल्या ओळीत, उजेड पाठीमागून किंवा बाजूने येईल असं बसवा. फळा आधी ओल्या फडक्याने पुसा. खडूची धूळ राहिली की अक्षर उठत नाही. लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा. पोरगं पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर रागावू नका, जवळून पाहिल्याने नजर बिघडत नाही. मान अवघडू नये म्हणून पुस्तकाखाली दप्तर ठेवून उतार करून द्या.

प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत, चकाकी नसलेल्या कागदावर छापा. नकाशा नुसता मोठा करून भागत नाही, त्यातली अनावश्यक नावं काढा. वेळ तासाला २० मिनिटं जास्त द्या. आणि डोळ्यांची तपासणी झाली नसेल, तर पालकांना आजच सांगा.