मृगाआधी बांध पाहा: दगडाखालची उपाशी शंखी गोगलगाय मेलेली नाही

लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत २०२२ च्या खरिपात नुकतेच उगवलेले सोयाबीन शंखी गोगलगायींनी रातोरात कुरतडून टाकले आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हापासून मी प्रत्येक उन्हाळ्यात एकच सांगत आलो आहे, की नांगरट, पाळी, बियाणे, खत ही सगळी तयारी शेतात होते; गोगलगाय मात्र बांधावर असते आणि बांधाकडे कोणी फिरकत नाही.

मे महिन्यात बांधावरचा दगड उलथला, की खाली पाच-सात शंख पडलेले दिसतात. तोंडावर पांढरट, कागदासारखा कडक पापुद्रा असतो आणि हलवून पाहिले तरी आत जीव असल्याची खूण सापडत नाही. असे चार शंख मी एकदा रिकामे समजून ओसरीवर ठेवले आणि त्यांवर ओले पोते टाकून विसरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील तीन चुना दिलेल्या भिंतीवर चढून चुनाच खरवडत होते, कारण कवचासाठी त्यांना चुनखडी लागते.

तो पापुद्रा गोगलगायीने स्वतःच्या चिकट स्रावात चुना मिसळून तयार केलेला असतो आणि त्यामुळे अंगातील ओल बाहेर जात नाही. पाऊस सरून जमीन कोरडी पडू लागली, की ती कवचात मागे सरकते, हृदयाचे ठोके व श्वसन मंदावते आणि जगण्याचा खर्चच कमी करते. आधी पायाच्या स्नायूंत व पाचक ग्रंथीत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साखरेचा साठा, वापरले जाते, उपास लांबला की शरीरातील प्रथिनेही कामी येतात, आणि टाकाऊ नत्र पातळ मूत्रावाटे न टाकता युरिक आम्लाच्या रूपात आतच साठवले जाते, म्हणजे त्यापायी पाणी वाया जात नाही. अशा रीतीने हिवाळा व उन्हाळा मिळून सहा महिन्यांहून अधिक काळ ती काहीही न खाता काढते. वजन घटते, पण जीव टिकतो. पहिल्या दमदार पावसात पापुद्रा सुटतो आणि इतक्या महिन्यांची भूक घेऊन ती नेमकी सोयाबीनच्या कोवळ्या दलपत्रांवर येते.

त्यातच ही गोगलगाय उभयलिंगी आहे, म्हणजे प्रत्येकीत नर व मादी दोन्ही असतात, आणि मागील मिलनातील वीर्य ती शरीरात साठवून ठेवू शकते. म्हणून जागी झाल्यावर थोड्याच दिवसांत कोणतीही मोठी गोगलगाय भुसभुशीत मातीत साबुदाण्याएवढी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. पेरणीपूर्वी उचललेल्या एका शंखाची किंमत यावरून ठरवावी.

बांध, धुरे, दगडांचे ढीग, उकिरडा आणि जुन्या गवताच्या गंजी आजच उलथून पाहाव्यात. पहिल्या पावसानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सात-आठ मीटर अंतरावर पसरावीत, सूर्योदयापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात मारून खड्ड्यात पुराव्यात. उघड्या हाताने धरू नये, कारण माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा कृमी तिच्या अंगात असू शकतो. मीठ मात्र शेतात टाकू नये, त्याने जमीनच बिघडते.

दुकानदार या दिवसांत महागडी कीटकनाशके पुढे करतो. गोगलगाय हा कीटक नाही, ती मृदुकाय प्राणी आहे. कवचात शिरलेल्या गोगलगायीवर नेहमीची फवारणी करणे म्हणजे पैसे बांधावर ओतणे होय. शिफारस आहे ती मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या २.५ टक्के गोळ्यांची, एकरी २ किलो, तीही बांधालगत व गोगलगायींच्या वाटेवर, सायंकाळी, आणि कुत्री व कोंबड्या दूर ठेवून. रात्री पाऊस येणार असेल तर गोळ्या टाकू नयेत, कारण ओल मिळाली की अर्धमेली गोगलगाय पुन्हा सावरते. बांधाच्या आतून चुन्याचा ४ इंची पट्टाही सांगितला जातो. माझा अंदाज असा, की तो कोरडा असेपर्यंतच उपयोगी पडतो, एका सरीनंतर त्यावर फार विसंबू नये.

याच्या जोडीला सोयाबीन पेरणीची नेहमीची कामे:
- उगवणशक्ती तपासणी, किमान ७० टक्के
- बीजप्रक्रिया
- ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच पेरणी
- खोली ३ ते ५ सें.मी.

पहिल्या पावसाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. अंडी साधारण एक ते दोन आठवड्यांत फुटतात, त्यामुळे वेचणी सलग तीन आठवडे थांबवू नये आणि शेजाऱ्याचा बांधही त्याला सोबत घेऊन त्याच पहाटे वेचून काढावा.