अमेरिकेत स्पीच पॅथॉलॉजीच्या मास्टर्सला अर्ज करताय? या चुका टाळा

दिवाळीचे कंदील उतरले की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. "ताई, एसओपी बघून द्याल का? एक तारखेची डेडलाइन आहे." एसओपी म्हणजे अर्जासोबत द्यायचा स्वतःबद्दलचा निबंध. पाठवणारे बहुतेक बीएएसएलपीच्या, म्हणजे वाचा आणि श्रवणदोषांवरच्या उपचारांच्या पदवीच्या, इंटर्नशिपमध्ये असतात, काहींची नुकतीच संपलेली असते. मी स्वतः मुंबईत बीएएसएलपी केलं, मास्टर्स अमेरिकेत केलं आणि आता इथल्या शाळांमध्ये मुलांसोबत काम करते. दरवर्षी आठ-दहा जणांचे अर्ज वाचते. मुलं हुशार असतात, ओपीडीत घासूनपुसून तयार झालेली असतात, आणि तरी दरवर्षी त्याच त्या ठिकाणी अडखळतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहिते.

आधी स्पर्धा का आहे ते समजून घ्या. इथे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर मास्टर्स लागतंच. 'आशा', म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, हिचं सर्टिफिकेट हवं तर ४०० क्लिनिकल तास भरावे लागतात: ३७५ प्रत्यक्ष पेशंटसोबत, २५ निरीक्षणाचे. हे सगळं सर्टिफाइड सुपरवायझरच्या देखरेखीखाली. एवढे पेशंट आणि एवढे सुपरवायझर कुठल्याच विभागाकडे अमाप नसतात. त्यामुळे बॅच लहान राहतात आणि चांगले मार्क असलेली मुलंसुद्धा बाहेर राहतात.

कागदपत्रं शेवटी करू म्हणणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. बहुतेक प्रोग्रॅमचे अर्ज सीएसडीकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. जुलै-ऑगस्टच्या सुमारास नवी सायकल उघडते, डेडलाइन साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पसरलेल्या असतात. मुलांना वाटतं, हातात पाच महिने आहेत. पण आपल्या मार्कशीट आधी इव्हॅल्युएशनला, म्हणजे अमेरिकी पद्धतीत मोजून घ्यायला, जातात, बहुतेकांच्या डब्ल्यूईएस या संस्थेकडे आणि त्याही कोर्स-बाय-कोर्स (विषयवार) प्रकारात. तिथला रिपोर्ट पोर्टलवर जातो, मग पोर्टलवाले अर्ज तपासून 'व्हेरिफाइड' करतात. काही प्रोग्रॅमना डेडलाइनपर्यंत अर्ज सबमिट झालेला चालतो, काहींना व्हेरिफाइडच लागतो. हा एक शब्द न वाचल्यामुळे अर्ज बाद झालेले मी पाहिलेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातली एक मुलगी, मार्क उत्तम, इंटर्नशिपमध्ये कॉक्लिअर इम्प्लांटच्या मुलांसोबत फार सुंदर काम केलेलं. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे युनिव्हर्सिटीकडून मिळणाऱ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, तिने ऑक्टोबरच्या शेवटी अर्ज केला. मध्ये दिवाळीची सुट्टी गेली. नोव्हेंबरच्या अखेरीला युनिव्हर्सिटीचं पाकीट आलं ते घरच्या पत्त्यावर. फ्लॅपवर सही, सहीवर शिक्का. ही तेव्हा मुंबईत होस्टेलला. वडिलांना वाटलं, पोरीचे एवढे महत्त्वाचे कागद, एकदा नीट बघून घ्यावेत आणि कलर झेरॉक्स काढून ठेवावी. त्यांनी कात्रीने पाकीट अगदी सरळ रेषेत कापलं, झेरॉक्स काढली, पुन्हा डिंकाने चिकटवलं आणि स्वतः रेल्वेने तिच्याकडे घेऊन आले. सील फुटलेलं पाकीट इव्हॅल्युएशनला चालत नाही, हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पाच आठवडे. सातपैकी चार प्रोग्रॅमना व्हेरिफाइड अर्ज हवा होता. ते चारही हातचे गेले आणि उरलेल्या तिघांत नंबर लागला नाही. तिचं एक वर्ष गेलं. वडील त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी फोनवर बोलायलाच तयार नव्हते, इतकं त्यांनी ते मनाला लावून घेतलं. चूक त्यांची नव्हती. कागद सहा महिने आधी मागवले असते तर एक पाकीट फुटूनसुद्धा काही बिघडलं नसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी एसओपीचं नावही जूनपर्यंत काढू देत नाही. आधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, आणि एक सेट लागत असेल तर तीन सेट मागवा. पाकीट कसं आणि कुठून पोहोचायला हवं, ते इव्हॅल्युएशनवाल्यांच्या सूचनांमधून वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका. आणि घरी सगळ्यांना बसवून सांगा की हे पाकीट कोणीही उघडायचं नाही.

याच्याच जोडीला नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. टोफेलच्या फॉर्मवर घाईत फक्त नाव-आडनाव. मध्येच लग्न झालं असेल तर पासपोर्टवर सासरचं आडनाव. पोर्टलच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं असतात आणि तुमचा स्कोअर तुमच्या अर्जाला जाऊन चिकटतच नाही. पासपोर्टवर जे आहे तेच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे. पोर्टलवर 'इतर नावं' असा रकाना असतो, त्यात मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं भरा.

एटीकेटी लागली असेल तर ती मार्कशीटही द्या. ट्रान्सक्रिप्टमध्ये ती दिसतेच, आणि लपवलेलं दिसणं नापास होण्यापेक्षा वाईट.

टक्के २५ ने भागणं

६२ टक्के भागिले २५, म्हणजे जीपीए २.४८, आणि मग रडवेल्या आवाजात फोन. असं कोणीही मोजत नाही. आपल्याकडे आरोग्यविज्ञानाच्या परीक्षांत ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास असतो हे इव्हॅल्युएशन करणाऱ्यांना माहीत असतं. रिपोर्ट येईपर्यंत स्वतःला नापास करू नका.

प्रोग्रॅमचं नाव बघून अर्ज करणं

'कम्युनिकेशन सायन्सेस' असं नाव असलेली प्रत्येक डिग्री क्लिनिकल नसते. प्रोग्रॅमला सीएए या आशाच्या मान्यता मंडळाची मान्यता किंवा निदान कॅन्डिडसी (पूर्ण मान्यतेआधीचा दर्जा) आहे का, हे आशाच्या एडफाइंड या शोधसाधनात बघा. कन्सल्टन्सीवाल्यावर यासाठी अवलंबून राहू नका. स्पीचचे अर्ज त्यांच्याकडे वर्षातून एखादाच येतो, आणि ते तुम्हाला हळूच पब्लिक हेल्थकडे वळवतात. त्याच यादीत ऑनलाइन प्रोग्रॅमही दिसतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे येऊन ते करता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर अर्जाची फी घालवू नका.

"माझे दीड हजार तास झालेत, सूट मिळेल"

मिळेल असं धरून चालू नका. ४०० पैकी किमान ३२५ तास मास्टर्स करतानाच भरायचे असतात, आणि आधीचे तास धरायचे तर सुपरवायझरकडे आशाचं सर्टिफिकेट हवं. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी भारतात लागते, इथे तिचा उपयोग नाही. आशाचा परस्पर मान्यतेचा करार कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संघटनांशी आहे, भारताशी नाही. तुमच्या दीड हजार तासांची किंमत आहेच, पण ती एसओपीत दिसायला हवी. सवलत म्हणून मागायला जाऊ नका.

बेसिक सायन्सचंही तसंच. बायॉलॉजी, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि सामाजिक शास्त्र, या चार विषयांचं कॉलेजस्तरावरचं क्रेडिट सर्टिफिकेटसाठी लागतं. बारावीचं फिजिक्स चालेल असं गृहीत धरू नका. सिलॅबस जोडून प्रोग्रॅमला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

एसओपीत स्वतःला सोडून सगळं लिहिणं

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त एसओपी एकाच वाक्याने सुरू होतात: लहानपणापासून मला लोकांना मदत करायची आवड होती. पुढे दोनशे पेशंट, अमुक इतकी पोस्टिंग, अमुक वर्कशॉप. आता तर एआयकडून लिहून घेतलेल्या येतात आणि त्यात वाक्यं गुळगुळीत, माणूस गायब. दोन वर्षं ज्या मुलांसोबत तुम्ही जमिनीवर बसून काम केलंत, त्यांच्याबद्दल लिहायला तुम्हाला मशीन लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका मुलीचा अर्ज सांगते. पुण्यात पोस्टिंगला असताना तिच्याकडे पाच वर्षांचा मुलगा आला. कुटुंब अकोल्याकडचं, नुकतंच पुण्यात आलेलं. शाळेने चिठ्ठी दिली होती, "बोबडा बोलतो". हिने चित्रं दाखवली. डोळ्याला तो म्हणाला 'डोया', फळ्याला 'फया', केळ्याला 'तेयं'. हिने दोन गोल्स लिहिली: 'क' आणि 'ळ'. तीन आठवडे आरशासमोर बसवून, जीभ मागे वळवून 'ळ' काढून घ्यायचा प्रयत्न चालला. मुलगा कंटाळला, बोलायचाच कमी झाला. बाहेर बाकावर बसणारी त्याची आजी एक दिवस आत आली आणि म्हणाली, "माय, त्याले काऊन टोकतं? आमच्याकडे तं सारेच डोया म्हन्तेत. काकाले ताता म्हन्ते, ते पाय."

त्या आजीने अचूक निदान केलं होतं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. ती त्या मुलाची भाषा, तो दोष नव्हे. 'क'च्या जागी 'त' मात्र घरात दुसरं कोणी म्हणत नव्हतं आणि पाच वर्षांच्या मुलात त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. मुलीने सुपरवायझरांना सांगितलं, 'ळ'चं गोल खोडलं, 'क'वर काम केलं.

हे सगळं एसओपीत नव्हतं. तिथे होतं, "विविध प्रकारच्या वाचादोषांचा अनुभव". मी फोनवर विचारलं, एखाद्या केसमध्ये तुझं मत बदललं का? बराच वेळ गप्प राहून तिने हे सांगितलं आणि म्हणाली, "पण ताई, ती तर माझी चूक होती. ती कशी लिहू?"

तीच लिहायची. फरक कुठला आणि दोष कुठला, हा प्रश्न इथल्या शिक्षणाच्या अगदी मुळाशी आहे. आफ्रिकन अमेरिकन इंग्लिश बोलणारी, घरी स्पॅनिश बोलणारी कितीतरी मुलं चुकून 'दोष आहे' म्हणून थेरपीला पाठवली गेली आहेत, आणि समितीतले प्राध्यापक आयुष्यभर त्याच प्रश्नाशी झगडत असतात. अकोल्याच्या आजीची गोष्ट त्यांना एका वाचनात कळते. चार खर्डे झाले. पाचवा पाठवला आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला.

माझी एक सवय आहे: पहिला खर्डा मी मराठीतच लिहायला सांगते. ओपीडीत जे घडलं ते मराठीत घडलं, त्यामुळे मराठीत लिहिताना आरसा, बाक, चिठ्ठी सगळं आपोआप येतं. इंग्रजीत थेट बसलात की वर्कशॉपची यादी येते. आणि पोस्टिंगच्या पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. पेशंटचं नाव नको. वय, मूल काय म्हणालं, मी काय केलं, काय बदललं, एवढं पुरे. नोव्हेंबरमध्ये आठवायला बसलात तर काही आठवत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. जिभेला वेखंड-मध लावणाऱ्या पालकांबद्दल 'अडाणी', 'अंधश्रद्धाळू' असं लिहू नका. त्या आईने तिला जे ठाऊक होतं ते केलं आणि मग मुलाला घेऊन तुमच्यापर्यंत आली. तुम्ही कुटुंबाशी कसं वागणार, हे समिती अशाच वाक्यांवरून जोखते.

स्वतःची शिफारसपत्रं स्वतः लिहिणं

"मॅडम म्हणाल्या, तूच लिहून आण, मी सही करते." तिन्ही पत्रांत तीच विशेषणं आणि तीच वाक्यरचना वाचणाऱ्याला लगेच कळते. त्याऐवजी मॅडमना एक पान द्या: त्यांच्या हाताखाली पाहिलेल्या तीन केस, त्यांनी तेव्हा काय सुधारायला सांगितलं होतं, तुम्ही ते कसं केलंत. त्या कितीही घाईत असल्या तरी त्यावरून स्वतःचं पत्र लिहू शकतात. पत्राची लिंक पोर्टलवरून थेट त्यांच्या ई-मेलला जाते, तेव्हा कॉलेजचा ई-मेल आयडी द्या आणि दोन दिवसांनी समोर जाऊन स्पॅम फोल्डर बघायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच असते.

मुलाखतीत उसना अॅक्सेंट

हे करू नका. अॅक्सेंट हा दोष नाही, असं आशा स्वतः सांगते. सावकाश, स्पष्ट, आपल्या आवाजात बोला.

पुढचं गणित न मांडणं

डिग्रीनंतर क्लिनिकल फेलोशिप (देखरेखीखालचं काम) असते: किमान ३६ आठवडे, १२६० तास. तुमची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर डिग्रीनंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, आणि या विषयाला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी) वाढीव मुदत नाही. फेलोशिप मिळायला तीन महिने उशीर झाला की ओपीटीच्या आत ती जेमतेम बसते. शिवाय परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. हे राज्य निवडतानाच बघा, कर्ज काढण्याआधी.

प्रवेश स्वीकारण्याची तारीख बहुतेक प्रोग्रॅमना १५ एप्रिल असते. तुम्हाला दोन ठिकाणी मिळालं असेल तर नको असलेली जागा लगेच सोडा, तिच्यासाठी दुसरं कोणीतरी वाट बघत असतं. वेटलिस्टवर असाल तर एकच नेमका ई-मेल करा, रोज विचारू नका. मात्र त्या आठवड्यात फोन सायलेंटवर ठेवून झोपू नका. त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, आणि वेटलिस्टमधल्यांना उत्तर द्यायला कधी कधी एकच दिवस मिळतो.