हीट श्रिंक स्लीव का आवळते आणि ती नीट कशी बसवावी

वायरच्या जोडावर हीट श्रिंक स्लीव, म्हणजे प्लॅस्टिकची नळी, चढवून गरम हवा दिली की ती आवळून बसते, आणि ते पाहून उष्णतेने हे प्लॅस्टिक आकुंचन पावते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती बहुधा ज्या पॉलिथिलिनची असते, ते प्लॅस्टिक तापवल्यावर प्रसरण पावते. स्लीव आवळते ती कारखान्यात तिला आधीच ताणून ठेवलेले असते म्हणून. उष्णता फक्त तो कोंडलेला ताण मोकळा करते. एवढे ध्यानात आले की स्लीव निवडण्याचे, कापण्याचे आणि तापवण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

नेहमीच्या वापरातल्या बहुतेक स्लीव पॉलिओलेफिनच्या, म्हणजे मुख्यतः पॉलिथिलिनच्या कुळातल्या असतात. पॉलिथिलिनमध्ये कार्बन अणूंच्या लांबच लांब साखळ्या काही ठिकाणी घड्या पडून शिस्तीत रचलेल्या असतात, ते त्याचे स्फटिक. त्यांच्या मधल्या भागात त्याच साखळ्या अस्ताव्यस्त पसरलेल्या असतात. प्रथम अरुंद नळी तयार करून तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. त्याने साखळीवरचे काही हायड्रोजन अणू निसटतात आणि शेजारच्या दोन साखळ्यांवरचे मोकळे झालेले कार्बन एकमेकांशी जोडले जातात. किरणोत्साराने पॉलिथिलिनमध्ये असे आडवे बंध तयार होतात, हे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर चार्ल्सबी यांनी इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात केलेल्या कामातून १९५२ मध्ये मांडले. नवी मुंबईत वाशी येथील अणुऊर्जा विभागाच्या इलेक्ट्रॉन प्रवेगकावरही पॉलिथिलिनमध्ये असे बंध घातले गेले आहेत.

नळीचा मूळ आकार या आडव्या बंधांत नोंदला जातो. त्यानंतर ती इतकी तापवतात की सगळे स्फटिक वितळतात, मग आतून दाब देऊन किंवा बाहेरून निर्वात करून ती फुगवतात आणि त्याच अवस्थेत थंड करतात. बंधांमधले साखळ्यांचे तुकडे ताणले जातात आणि नव्याने तयार झालेले स्फटिक त्यांना टाचण्यांसारखे तिथेच रोखून धरतात. ताणलेल्या साखळीला वळण्या-वाकण्याचे पर्याय फार थोडे उरतात, म्हणजेच तिची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) कमी असते. स्फटिक वितळले की अणूंच्या उष्ण हालचालीने साखळ्या पुन्हा गुंडाळल्या जातात. आडवे बंध नसते तर त्या एकमेकींवरून घसरून नळीचा नुसता वितळलेला गोळा झाला असता.

हे स्वतः पाहायचे असेल तर स्लीवचा रिकामा तुकडा पूर्ण आवळू द्यावा, पुन्हा तापवून मऊ असतानाच गोल टोकाच्या पकडीने रुंद करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा. तो रुंदच राहतो. परत तापवला की मिटतो. रंग न घातलेली, किंचित दुधी स्लीव असेल तर तापताना ती अधिक पारदर्शक होताना दिसते, कारण प्रकाश विखुरणारे स्फटिक वितळलेले असतात.

निवड करताना स्लीवचा आवळण्यापूर्वीचा व्यास जोडाच्या सर्वांत जाड भागापेक्षा मोठा आणि पूर्ण आवळल्यानंतरचा व्यास सर्वांत बारीक भागापेक्षा लहान असावा. २:१ प्रमाणाची ४.८ मिलिमीटरची स्लीव २.४ मिलिमीटरपर्यंत मिटते, म्हणून ३ मिलिमीटर जाडीच्या वायरवर ती थोडा ताण शिल्लक ठेवून पक्की बसते. व्यास निम्मा झाला की भिंत साधारण दुप्पट जाड होते, कारण प्लॅस्टिक तेवढेच राहते. लांबीही थोडी घटते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या इन्सुलेशनवर पुरेशी चढेल अशी, हिशेबापेक्षा जरा लांबच कापावी. कात्री धारदार हवी, कारण कडेला बारीक खाच राहिली तर आवळतानाचा सगळा ताण त्या खाचेशी एकवटतो आणि स्लीव तिथून फाटते. सोल्डर करण्यापूर्वी ती वायरवर ओवून ठेवावी, पण सोल्डरिंगची उष्णता लागणार नाही इतकी लांब सरकवून.

पॉलिथिलिनचे सगळे स्फटिक एकाच तापमानाला वितळत नाहीत. पातळ स्फटिक आधी सुटतात, जाड नंतर. म्हणून साधी स्लीव सुमारे ९० अंश सेल्सिअसला हलू लागते, पण पूर्ण मिटायला साधारण १२० अंश लागतात. हीट गन एका जागी न धरता गोल फिरवत तापवावे. सुरुवात मधून करून टोकांकडे जावे; दोन्ही टोके आधी मिटली तर मधली हवा आत अडकते. लायटरची ज्योत टाळलेली बरी, कारण एका बाजूला प्लॅस्टिक करपते तेव्हा दुसऱ्या बाजूचे स्फटिक अजून वितळलेलेही नसतात. टेफ्लॉनच्या स्लीवला मात्र ३०० अंशांहून जास्त तापमान लागते, तेव्हा आतल्या वायरचे इन्सुलेशन ते सोसेल का, हे आधी तपासावे.

आतून गोंदाचा थर असलेली स्लीव असेल तर दोन्ही टोकांशी गोंदाची बारीक कड दिसेपर्यंत तापवावे. त्यानंतर जोड पूर्ण थंड होईपर्यंत वाकवू किंवा ओढू नये: स्फटिक पुन्हा तयार होत असताना स्लीव ज्या आकारात असेल, त्याच आकारात ती घट्ट होते.