जुन्या एमजीबीचे दिवे आणि केबिनमधला वास: या चुका टाळा

बडोद्यात एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या: रात्री नीट दिसत नाही आणि आत वास येतो. उपायही ठरलेले, मोठा बल्ब आणि डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. 2023 साली लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात विंटेज गाड्यांचा मेळा भरला, तिथे हे खपून गेलं असतं. रात्री पादरा रोडवरून घरी यायचं असेल तर नाही.

मिस्त्री हमखास म्हणणार, "साहेब, सो-नेवुं नाखी दो ने!" म्हणजे 100/90 वॉटचे बल्ब (हाय बीमला 100, लो बीमला 90). ऐकू नका. एमजीबीत हेडलाइटचा सगळा करंट स्विच आणि डिपरमधून फिरून पुढे जातो. वायरी जुन्या, जोड काळे पडलेले, त्यामुळे दिव्यापर्यंत पुरते व्होल्ट पोचतच नाहीत. व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. बल्ब बिचारा निर्दोष असतो. त्याच वायरींवर 16-17 अँपिअरचा भार टाकलात तर स्विच तापतो आणि केबिनमध्ये जळकट वासाची नवी तक्रार सुरू होते.

आधी मोजा. इंजिन चालू, दिवे लावलेले, मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या मागच्या टोकांवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर खर्च वायरिंगवर करा: हाय आणि लोसाठी वेगळे रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारी कळ), प्रत्येकाला फ्यूज, जाड वायर, आणि अर्थची वायर थेट बॉडीला. दिव्याच्या गंजक्या वाटीवर भरवसा ठेवू नका. एवढं केल्यावर 60/55 चा साधा एच-फोर हॅलोजन बल्ब पुरतो. त्याच्या काचेला उघडं बोट लावू नका, तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो.

हेडलाइटची काच विकत घेताना ती अमेरिकेसाठी बनवलेली असेल तर परत करा. तिचा झोत उजवीकडे चढतो; आपण डावीकडून चालवतो, म्हणजे तो सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालण्याचा मोहही आवरा. झोत विस्कटतो, आणि सुरुवातीच्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) गाड्यांत बरेचसे एलईडी पेटतच नाहीत.

याच सुरुवातीच्या गाड्यांत डायनॅमो आहे, 22 अँपिअरचा. सिग्नलवर थांबलं की दिवे मंदावणारच, तो त्याचा स्वभाव. काहीजण मग चार्जिंगचं व्होल्टेज ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू पिळून व्होल्टेज चढवतात. सगळ्यात वाईट चूक हीच. एमजीबीच्या 1974 पर्यंतच्या गाड्यांत सीटांच्या मागे, फळीखाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. जास्त चार्ज झाल्या की त्या उकळतात आणि सडक्या अंड्यांचा वास थेट आपल्या मानेमागून येतो. लोक मात्र सायलेन्सर तपासत बसतात. बॅटरीवर 15 व्होल्टच्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटरचं व्होल्टेज खाली आणा.

पेट्रोलच्या वासाची वेळ लक्षात ठेवा. टाकी भरल्यावर वळणावर येत असेल तर भरण्याच्या नळीचा रबर. गरम इंजिन बंद केल्यावर येत असेल तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई. आताच्या ई-20 पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, म्हणून इथेनॉल चालणाऱ्या नळ्याच घ्या. फक्त क्लिप आवळणं ही तात्पुरती समजूत आहे. गोडसर वास आणि पाय ठेवायच्या जागी चिकट ओल म्हणजे हीटरचा रेडिएटर गळतोय.

धुराचा वास आला की हुडची (कापडी छताची) मागची काच उघडू नका. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे धूर उलट आत ओढला जातो. रात्री डिकीत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावा. जिथून उजेड बाहेर येईल तिथून धूर आत येतो. इंजिनमागच्या पत्र्यातले ग्रोमेटही (वायरींच्या भोकांतली रबरी कडी) पाहा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून डोकं जड झालं की गाडी थांबवून बाहेर या. इथे चालढकल नको.

पावसाळ्यातला कुबट वास बहुधा कार्पेटखालच्या फेल्टमधून (नमद्यातून) येतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. डांबरगोळ्या टाकल्या तर दोन वास मिळतात. कार्पेट धुऊन उन्हात घाला, गाडीच्या तळाची भोकं मोकळी करा, आणि फेल्ट टाकून द्या. ते पुन्हा सुकवून लावलं तर पहिल्या सरीला वास परत येतो.