फॉल्ट-टॉलरंट सर्व्हरवरील नेटवर्क फेलओव्हर आणि मेमरी: या चुका टाळा

स्ट्रेटसच्या एफटीसर्व्हरसारख्या फॉल्ट-टॉलरंट, म्हणजे बिघाड सोसणाऱ्या, यंत्रात दोन मॉड्यूल असतात. दोन्हींचे प्रोसेसर त्याच सूचना एकाच वेळी चालवतात, दोन्हींच्या मेमरीत तोच मजकूर असतो, आणि एक मॉड्यूल बिघडले तरी चालू काम थांबत नाही. यंत्राच्या या तयारीवर विसंबून मांडणीकडे दुर्लक्ष होते, आणि मग बिघाड होतो तो मांडणीतूनच. म्हणून प्रत्येक पर्यायी मार्गाबाबत एकच प्रश्न विचारावा: पहिल्याबरोबर दुसराही बंद पडेल असे काही कारण उरले आहे का?

बाँडमध्ये, म्हणजे नेटवर्क पोर्ट एकत्र करून एकाच जोडणीसारखी चालवण्याच्या रचनेत, घेतलेली दोन्ही पोर्ट एकाच मॉड्यूलवर असणे ही या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शेजारची पोर्ट जोडायला सोयीची असतात. पण ते मॉड्यूल बंद पडले की सर्व्हर चालू राहतो आणि नेटवर्क मात्र जाते. प्रत्येक मॉड्यूलमधून एक पोर्ट घ्यावे, ती दोन वेगळ्या स्विचना जोडावीत आणि त्या स्विचचा वीजपुरवठाही वेगळा ठेवावा. लिनक्सच्या बाँडिंग ड्रायव्हरला मोड सांगितला नाही, तर तो राउंड-रॉबिन (पोर्टांवर आळीपाळीने पॅकेट पाठवणे) धरतो आणि त्यासाठी स्विचवर पोर्टचा गट करावा लागतो. एक गट म्हणून न चालणाऱ्या दोन वेगळ्या स्विचसाठी ॲक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे एक पोर्ट चालू आणि दुसरे राखीव, हा योग्य मोड आहे.

लिंक तपासण्याचा कालावधी, म्हणजे मिआयमॉन, ड्रायव्हरमध्ये मुळात 0 असतो. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये तो तसाच राहिला आणि तपासणीची दुसरी पद्धतही दिली नाही, तर केबल तुटल्याचे बाँडला कळतच नाही. तो सहसा 100 मिलिसेकंद ठेवतात. मात्र मिआयमॉन फक्त सर्व्हरपासून स्विचपर्यंतची लिंक पाहतो. स्विचचा पुढचा अपलिंक, म्हणजे उरलेल्या जाळ्याकडे जाणारी जोडणी, तुटला तरी सर्व्हरसमोरचा दिवा हिरवाच राहतो आणि पॅकेट कुठेच पोहोचत नाहीत. अशा जाळ्यात एआरपी तपासणी (ठरलेल्या पत्त्याला विचारणा पाठवून उत्तर येते का हे पाहणे) वापरावी आणि लक्ष्य म्हणून गेटवेचा पत्ता द्यावा. या दोन पद्धती एकत्र चालत नाहीत, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी.

फेलओव्हरची, म्हणजे बिघाडानंतर दुसऱ्या मार्गावर जाण्याची, चाचणी सगळे करतात, परतीची फारसे कोणी करत नाही. प्राथमिक पोर्ट ठरवून दिले असेल, तर त्याची लिंक परत येताच वाहतूक तिकडे वळते. पण स्विचवर जाळ्यातील लूप रोखणारा जुना स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर पोर्ट ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अवस्थांत मिळून 30 सेकंद पॅकेट पुढे पाठवत नाही, आणि दुरुस्ती झाल्यावरच सेवा अर्धा मिनिट खंडित होते. त्या पोर्टला स्विचवर एज पोर्ट (या अवस्थांत न थांबणारे पोर्ट) करावे किंवा बाँडचा अपडिले, म्हणजे लिंक परत आल्यावर पोर्ट वापरण्याआधी थांबण्याचा वेळ, त्या अवधीपेक्षा अधिक ठेवावा. चालू पोर्ट बिघडेपर्यंत परतच जाऊ नये, अशी सूचनाही प्राथमिक-निवडीच्या पर्यायात देता येते. माझ्या मते तीच अधिक सुरक्षित आहे. चाचणीसाठी आज्ञा देऊन पोर्ट बंद करणे पुरेसे नाही. केबल खरोखर काढावी, अपलिंकही तोडून पाहावा, आणि खंड किती पडला हे दुसऱ्या सबनेटमधील यंत्रावरून मोजावे.

मेमरीच्या बाबतीत हिशेब चुकतो तो सुरुवातीलाच. प्रत्येक मॉड्यूलमध्ये 128 जीबी असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमला 128 जीबीच मिळते, 256 नव्हे. शिवाय एखाद्या प्रोसेसमधील मेमरी-गळती दोन्ही बाजूंना एकाच क्षणी घडते, त्यामुळे मेमरी संपल्यावर वाचवायला दुसरी बाजू उरत नाही. हे यंत्र हार्डवेअरचा बिघाड सोसते. प्रोग्रामची चूक ते तंतोतंत दोनदा करते.

मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद करणाऱ्या ओओएम किलरच्या भीतीने ओव्हरकमिटचे (प्रोसेसना किती मेमरीचे वचन द्यायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगचे) मूल्य 2, म्हणजे कडक मर्यादा, करणारे त्याचे प्रमाण बदलायला विसरतात. ते मुळात मेमरीच्या 50 टक्के असते, आणि त्यात स्वॅप (डिस्कवरील पूरक जागा) पूर्ण मिळवला जातो. 128 जीबी मेमरी आणि 8 जीबी स्वॅप असेल, तर मर्यादा सुमारे 72 जीबी ठरते, आणि मेमरी मोकळी दिसत असतानाही प्रोसेसला नकार मिळतो. ह्यूज पेज (मेमरीची मोठ्या आकाराची पाने) राखून ठेवली असतील, तर ती या हिशेबातून आधी वजा होतात: 96 जीबी राखले की मर्यादा 24 जीबीवर येते. डेटाबेस ती पेज वापरतच नसेल, तर एवढी मेमरी नुसती अडकून पडते. म्हणून कर्नलच्या मीमइन्फो फाइलीतील कमिटलिमिट, म्हणजे ही मर्यादा, आणि प्रत्यक्ष वचनबद्ध मेमरी हे दोन्ही आकडे नेहमीच्या भाराखाली पाहावेत.

मुख्य सेवेला ओओएम गुण उणे 1000, म्हणजे ओओएम किलरपासून पूर्ण सूट, देतानाही जपावे, कारण तो गुण तिच्यापासून जन्मलेल्या प्रोसेसना वारशाने मिळतो. गळती त्यांच्यापैकी एकीत असेल, तर दोषी प्रोसेस वाचते आणि कर्नल दुसऱ्याच सेवा बंद करत जातो.

मॉड्यूल बदलल्यावर काम संपल्याचे जाहीर करण्याआधी, त्यातील पोर्ट बाँडमध्ये परत आले का, हे प्रॉक फाइलसिस्टिममधील बाँडिंगच्या फाइलीत तपासावे, आणि दोन्ही मॉड्यूल पुन्हा जोडीने चालू झाल्याची खात्री व्यवस्थापन प्रणालीत करून घ्यावी. त्याच वेळी प्रत्येक पोर्टपुढील लिंक तुटण्याची संख्या टिपून ठेवावी, म्हणजे पुढच्या तपासणीत ती वाढलेली दिसली, तर केबल किंवा स्विचचे पोर्ट बदलण्याचा निर्णय वेळेत घेता येतो.