लायसन्स मिळालं, आता पहिली गाडी कोण देणार?

परीक्षा पास झाली, अवजड वाहनाचं लायसन्स हातात आलं आणि पहिल्याच फोनवर पलीकडून प्रश्न येतो: "अनुभव किती?" काहीच नाही म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. असे दहा फोन झाले की माणूस हमखास दोनपैकी एक चूक करतो. एकतर खोटा अनुभव ठोकून देतो, नाहीतर मिळेल त्या गाडीवर मिळेल त्या अटींवर चढतो. दोन्ही महागात पडतं. त्यापेक्षा समोरचा 'नाही' का म्हणतोय ते आधी समजून घ्या. पुढची सगळी शोधाशोध त्यातूनच सुचते.

गाडीमालकाला दोन गोष्टींची धास्ती असते: गाडी ठोकली जाण्याची आणि गाडी उभी राहण्याची. नवा ड्रायव्हर बसवला की दोन्हींचा धोका वाढला, असा त्याचा हिशेब. त्यात विम्याची भर. अनेक ठिकाणी विमा कंपन्या ड्रायव्हरचं वय आणि लायसन्सला किती काळ झाला ते पाहतात. नवख्याला बसवलं तर हप्ता वाढतो, किंवा अपघात झाल्यावर मालकाच्या खिशातून जायची रक्कम वाढते. म्हणजे मॅनेजरच्या मनात असलं तरी पुष्कळदा त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून नकार आला की रागावून फोन ठेवू नका, एवढंच विचारा: "तुमच्या विम्याला किती महिन्यांचा अनुभव लागतो?" उत्तर तारखेसकट वहीत लिहा. तेवढे महिने भरले की याच नंबरवर पुन्हा फोन करायचा आहे.

आधी कागद

लायसन्स, वैद्यकीय तपासणीचा दाखला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि तुमच्या इथे मिळत असेल तर वाहतूक गुन्ह्यांची नोंद किंवा ती कोरी असल्याचा उतारा, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कागदाची मुदत कधी संपते ते तपासा. धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलं असेल तर तो कागद सगळ्यात वर.

माहितीपत्रक एका पानाचं पुरे. त्यात 'मेहनती, प्रामाणिक' वगैरे लिहून जागा घालवू नका; ते सगळेच लिहितात. कोणत्या प्रकारच्या गाडीवर शिकलात, गिअर हाताचे होते की ऑटोमॅटिक, ट्रेलर जोडून किती तास चालवलं, भरलेली गाडी चालवली का, रात्री चालवली का, ते लिहा. गिअरचा मुद्दा विसरू नका. काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर हाताच्या गिअरची गाडी चालवायला बंदी असते. गोदामात काम, छोट्या गाडीवरून माल पोचवणं, ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट, गॅरेजमधली उमेदवारी, हा सगळा उपयोगाचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही.

कुठे शोधायचं

पहिला दरवाजा तुमच्याच ड्रायव्हिंग स्कूलचा. मागच्या तुकडीतली मुलं कुठे लागली, हे तिथल्या प्रशिक्षकाला माहीत असतं. फक्त जाऊन विचारावं लागतं.

मोठ्या कंपन्या नवख्यांना घेतात, कारण त्यांच्याकडे शिकवायला माणसं असतात. अमेरिकेत तर नव्या ड्रायव्हरला काही आठवडे जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवून मग स्वतंत्र गाडी देण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. अट एकच: कराराचा कागद वाचा. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने केला असेल, तर मध्येच सोडून गेल्यावर तो परत मागितला जाऊ शकतो. किती महिने बांधलेले आहात आणि सोडल्यास किती भरावं लागेल, हे दोन आकडे समजल्याशिवाय सही नको.

बरेच जण ज्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत असं एक काम म्हणजे यार्डातलं. मोठ्या गोदामांच्या आवारात ट्रेलर इकडून तिकडे हलवायला ड्रायव्हर लागतो. हमरस्ता नाही, लांबचा प्रवास नाही, मिरवण्यासारखं काही नाही. पण दिवसभर ट्रेलर जोडायचा, सोडायचा आणि डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला, मागे लावायचा. सहा महिन्यांत रिव्हर्सवर जो हात बसतो, तो लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन वर्षांत बसत नाही. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी म्हणून याच्यासारखी दुसरी नाही.

कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, बांधकामावरचे टिपर, हंगामातली शेतमालाची वाहतूक, इथेही नव्यांना संधी मिळते. टिपरचं मात्र नीट शिकून घ्या. माल ओतायला डाला, म्हणजे मागचा हौदा, वर उचलताना जमीन सपाट नसेल तर गाडी आडवी होते. वर विजेच्या तारा असतील तर आणखी वाईट.

फोनपेक्षा पायांनी शोधलेली नोकरी लवकर मिळते. पहाटे गाड्या सुटायच्या धांदलीत जाऊ नका, दुपारच्या सुमारास जा. कार्यालयात शिरल्यावर, गाड्या कोणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या माणसाला भेटायचंय असं सांगा. त्याआधी दहा मिनिटं बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर पाहा. ज्या मालकाच्या गाड्यांचे टायर गुळगुळीत झालेत, तो पगाराच्या तारखाही तशाच घासत असण्याची शक्यता मोठी. तिथल्या ड्रायव्हरांना विचारा: पगार वेळेवर होतो का, गाडी बंद पडली तर कोण येतं, आधीचा माणूस का सोडून गेला?

चाचणी

बोलणं जुळलं की गाडी चालवून दाखवायला सांगतात. तुम्ही किती सफाईने चालवता यापेक्षा किल्ली फिरवण्याआधी काय करता, यावर जाणता मॅनेजर निम्मा निर्णय घेतो.

गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. टायर, चाकांचे नट, दिवे, खाली कुठे तेल ठिबकतंय का, ताडपत्री आणि पट्टे. ट्रेलर जोडलेला असेल तर दुसऱ्याने जोडलाय म्हणून विश्वास ठेवू नका. खाली वाकून, बॅटरी मारून ट्रेलर धरून ठेवणारा लॉक खरोखर बसलाय का बघा. मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले असतानाच खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहा. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा काटा पुरेसा चढेपर्यंत थांबा. चाकांना अडण्या लावून, इंजिन बंद करून पायाचा ब्रेक दाबून धरा आणि काटा घसरतोय का, कुठे हवा सुटल्याचा आवाज येतोय का ते ऐका. आसन आणि आरसे स्वतःच्या मापाचे करा. शेजारी बसलेला माणूस घड्याळ पाहत असला तरी हे सोडू नका; काही जण मुद्दामच घाई करून बघतात.

निघण्याआधी एक प्रश्न विचारा: "गाडीची उंची किती?" नवख्याने हे विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. पुलाखाली अडकलेली गाडी हे प्रत्येक मालकाचं दुःस्वप्न असतं.

रस्त्यावर वेग दाखवायला जाऊ नका. ताशी 60 वरून 80 किलोमीटरवर गेलात तर वेग वाढतो एक तृतीयांश, पण गाडीतली ऊर्जा होते पावणेदोन पटीहून जास्त, आणि ती सगळी ब्रेकनेच जिरवायची असते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. कोणी मध्ये घुसलं तर पुन्हा मागे राहा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. अख्खा उतार पायाच्या ब्रेकवर काढलात तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात.

रिव्हर्सला चूक होणारच. एका दमात डॉकला लागली नाही म्हणून कोणी नापास करत नाही. अंदाज चुकतोय वाटलं की थांबा, खाली उतरा, मागे जाऊन बघा, परत चढा, पुढे घेऊन सरळ करा. तीन वेळा उतरलात तरी चालेल. न उतरता खांब घासलात तर चालणार नाही.

मालाबद्दलही विचारतील. पट्टे कशासाठी बांधायचे याचं उत्तर आकड्यात देता आलं तर उत्तम. युरोपचं मानक आणि अमेरिकेचे नियम साधारण एकच सांगतात: बांधणी इतकी पक्की हवी की जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 80 टक्क्यांइतका पुढचा धक्का आणि वळणावर निम्म्या वजनाइतका बाजूचा धक्का ती झेलेल. माल जड आहे, जागचा हलणार नाही, हे उत्तर चुकीचं.

हो म्हणण्याआधी

पगार फेरीवर, किलोमीटरवर की तासावर? माल उतरेपर्यंत चार तास थांबावं लागलं तर त्याचे पैसे मिळतात का? भरणं-उतरवणं कोणी करायचं? दंड झाला तर कोणाच्या खिशातून, गाडीला ओरखडा आला तर पगारातून कापतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: विम्यात तुम्ही बसता का? हे लेखी घ्या.

चालवण्याच्या तासांचा तुमच्या इथला नियम तोंडपाठ हवा. युरोपियन युनियनमध्ये दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10, आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती. अमेरिकेत माल वाहणाऱ्याला सलग 10 तास सुट्टीनंतर 14 तासांच्या आत 11 तास. ज्या कंपनीत पहिल्याच दिवशी "तासांची नोंद आम्ही बघून घेऊ" असं सांगतात, तिथून उठा. नोंद खोटी निघाली की लायसन्स तुमचं जातं.

नोकरी लावायचे पैसे मागणारा, मूळ लायसन्स ठेवून घेणारा, जादा वजन 'सगळेच भरतात' म्हणणारा, हे तिघेही टाळा. चौथा जरा गोड बोलतो: "नोकरी कशाला, गाडी हप्त्यावर घे, स्वतःचा मालक हो." पहिल्या वर्षात याला नाहीच म्हणा. गाडी कधी कुरकुरते आणि कोणतं भाडं परवडतं हे कळायच्या आत हप्ता सुरू झालेला असतो.

लागल्यानंतर

रोज गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा; जुना ओरखडा नव्याच्या नावावर फार पटकन चढतो. छोटंसं काही लागलं तरी त्याच दिवशी सांगा. लपवलेला ओरखडा सापडला की माणूस जातो, सांगितलेला बहुधा बोलणी खाऊन सुटतो.

तीन महिन्यांत दुसरीकडे थोडा जास्त पगार दिसेल. पहिलं वर्ष तरी शक्यतो एकाच ठिकाणी काढा. नंतरच्या प्रत्येक मालकाला आणि विमा कंपनीला बिनअपघाताचे सलग बारा महिने हवे असतात, आणि ते वर्ष तुकड्यातुकड्यांत सिद्ध करणं कटकटीचं होतं. वर्ष भरत आलं की कार्यालयातून एक पत्र मागून घ्या: कोणत्या तारखेपासून, कोणत्या प्रकारच्या गाडीवर, अपघात किती. सोडायचा विचार नसला तरी मागा. मॅनेजर बदलतात, कंपन्या बंद पडतात. मग ती सुरुवातीची वही काढा. नकारांपुढे लिहिलेले महिने कोणाकोणाचे भरले ते बघा आणि फोन लावा.