लिंकन पार्क प्राणिसंग्रहालय: फुकटात काय मिळते, काय मिळत नाही आणि फेरी कशी आखावी

शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाबद्दल दोन माणसांचे मत जुळत नाही. एक म्हणतो, शहराच्या मध्यात, मिशिगन तळ्याकाठी, वर्षाचे 365 दिवस मोफत, आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, दोन तासांत संपले, हत्ती नाही, सिंह झोपलेला, आणि ‘मोफत’ म्हणता म्हणता पार्किंगला खिसा रिकामा. दोघेही खोटे बोलत नाहीत. पहिला माणूस बहुधा जवळ राहणारा असतो, दुसरा नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरातून आईबाबांना आणि पोरांना गाडीत घालून दिवस काढायला आलेला असतो. ही जागा तासा-दीड तासाच्या खेपांसाठी फार चांगली आहे, दिवसभराच्या सहलीसाठी तोकडी. दिवस काढायचाच असेल तर तो नुसत्या प्राण्यांवर निघणार नाही. त्याची जुळणी कशी करायची ते पुढे आहे.

आधी आकार. सगळे मिळून 35 एकर. पुण्याचे कात्रजचे प्राणिसंग्रहालय 130 एकर आहे, त्यावरून अंदाज यावा. शिकागोच्याच उपनगरातले ब्रुकफील्ड 216 एकर आहे, पण तिथे तिकीट आहे. ‘अमेरिकेतले प्राणिसंग्रहालय म्हणजे अवाढव्य’ अशी समजूत करून येणारे इथे हटकून हिरमुसतात. 1868 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कने भेट दिलेल्या हंसांच्या जोडीपासून हे सुरू झाले, आणि चारी बाजूंनी उद्यान, रस्ता आणि शहर असल्यामुळे त्याला पसरायला जागाच नाही.

हत्तींची विचारणा सर्वांत जास्त होते, म्हणून पोरांना घरीच सांगून ठेवा: इथे हत्ती नाहीत. 2003 साली सॅन डिएगोहून तीन आफ्रिकी हत्तिणी आणल्या होत्या. 2004 आणि 2005 मध्ये तिन्ही दगावल्या, शेवटची तर सॉल्ट लेक सिटीला हलवल्याबरोबर. त्यावरून शहरात मोठा गदारोळ झाला. त्यानंतर इथे हत्ती आणले नाहीत, आणि एवढ्याशा जागेचा विचार करता ते बरेच झाले. हत्तीही हवेत आणि मोफतही हवे, तर सेंट लुईसचे प्राणिसंग्रहालय आहे. तिथे शहर आणि काउंटीच्या मालमत्ता करातला वाटा थेट त्यासाठी जातो. लिंकन पार्कला सरकारी पैसा मिळतो तो खर्चाचा एक भाग. उरलेले देणग्या, सदस्यत्व, खानपान, कार्यक्रम आणि पार्किंगमधून उभे करावे लागते. पार्किंग महाग का, याचे उत्तर एवढेच आहे. तक्रार करणाऱ्याला लोक ‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ ऐकवतात खरे, पण पार्किंग ही काही धर्माची गाय नव्हे. ते टाळता येते.

गाडी न नेता कसे जावे

कॅनन ड्राइव्हवरच्या पूर्व दारापाशी अधिकृत पार्किंग आहे. दर तासांप्रमाणे चढतो आणि काही तासांतच 20 डॉलरच्या वर जातो. उन्हाळ्यात शनिवारी-रविवारी ते लवकर भरते, कारण नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूच्या चौपाटीला जाणारी गर्दीही त्याच भागात जागा शोधत असते. आसपासच्या गल्ल्यांत ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशा पाट्या आहेत. त्या न वाचता गाडी लावली तर दंड पार्किंगपेक्षा जड पडतो.

उपनगरातून येणाऱ्यांनी मेट्रा, म्हणजे उपनगरी रेल्वे, पकडावी. नेपरव्हिलहून बीएनएसएफ मार्ग, शॉमबर्गहून मिलवॉकी डिस्ट्रिक्ट वेस्ट, दोन्ही युनियन स्टेशनला उतरवतात. तिथून 151 नंबरची शेरिडन बस थेट उद्यानातल्या स्टॉकटन ड्राइव्हवर नेते. वेब्स्टरच्या थांब्यावर उतरले की पश्चिमेचे दार समोरच. 156 नंबरही तिकडूनच जाते. लूपमधून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातून, 22 (क्लार्क) किंवा 36 (ब्रॉडवे) घेतली तर क्लार्क रस्त्यावर उतरून थोडे चालावे लागते. कब्ज या बेसबॉल संघाचा घरचा सामना असेल त्या दिवशी 22 नंबरच्या वाटेला जाऊ नका, ती त्यांच्या रिगली फील्ड मैदानावरून जाते आणि खचाखच भरते. शहरी रेल्वेच्या रेड किंवा ब्राउन लाइनने फुलर्टनला उतरलात तर पुढे साधारण दीड किलोमीटर पायपीट आहे. तरुणांना ठीक, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना नाही.

प्रवेशाला तिकीट नाही, वेळ नोंदवावी लागत नाही, सरळ आत शिरायचे. वेळ साधारण सकाळी 10 ते संध्याकाळी 5 अशी असते आणि ऋतूप्रमाणे बदलते. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट: आवार उघडे असले तरी प्राण्यांच्या इमारती त्याआधी बंद होतात. चार वाजता पोहोचून ‘सगळे बंद होते’ म्हणणारे यातलेच.

प्राणी ‘दिसत नाहीत’ ते का

ही तक्रार सर्वांत जास्त, आणि तिच्यावर उपायही आहे. आताच्या चांगल्या आवारांत प्राण्याला आत-बाहेर जायची, झाडीमागे दडायची मोकळीक देतात. त्यामुळे रिकामे दिसणारे आवार बहुतेक वेळा रिकामे नसते. एका जागी पाच मिनिटे थांबा, काचेजवळ जा, वर फांद्यांत बघा, लाल पांडा तिथेच असतो. सिंह दिवसाचे 16 ते 20 तास लोळतो, तो काही तिकीट नसलेल्यांवर रुसलेला नसतो.

म्हणून क्रम असा ठेवा. दहाला आत शिरून आधी सिंह. 1912 ची जुनी लायन हाउसची इमारत पूर्ण बदलून 2021 मध्ये ती पेपर फॅमिली वाइल्डलाइफ सेंटर म्हणून उघडली. सिंहांच्या आवारात गरम-थंड करता येणारे खडक बसवले आहेत, त्यामुळे हवा कशीही असली तरी ते लोकांच्या नजरेच्या टप्प्यात बसण्याची शक्यता वाढते. सिंहांच्या जवळ नेणारी खालची वाट चुकवू नका, पुष्कळ लोक वरूनच बघून निघून जातात. हिमबिबट्या आणि लिंक्सही याच भागात.

लगेच पुढे वानरांचे केंद्र, म्हणजे गोरिला आणि चिंपांझी. आमच्या मते या संग्रहालयात एकच गोष्ट बघायची असेल तर ही. घाईत फेरी मारू नका. अर्धा तास काचेपाशी बसलात तर कोण मोठा, कोण कुणाची खोडी काढते, कोण कुणाला घाबरते हे सगळे कळू लागते. या प्राणिसंग्रहालयाचा बुशमन नावाचा गोरिला एकेकाळी शिकागोत भलताच लोकप्रिय होता. 1951 च्या 1 जानेवारीला तो वारला. पेंढा भरून ठेवलेला तो आजही फील्ड म्युझियममध्ये दिसतो.

ऊन चढले की बंदिस्त इमारतींत शिरा: लहान सस्तन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे घर, माकडांचे घर, आणि उत्तर टोकाचे आफ्रिकन जर्नी, जिथे जिराफ आणि बटू पाणघोडा आहेत. सीलचे तळे मधोमध आहे, जाता-येता कधीही बघता येते. एखादी इमारत दुरुस्तीसाठी बंद असू शकते, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघावे.

ऋतू निवडताना एक गोम आहे. थंडीत येणारे आधी पेंग्विनकडे धावतात आणि तिथेच फसतात. इथले पेंग्विन आफ्रिकी आहेत, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावरचे; कडाक्याच्या थंडीत त्यांना आत ठेवतात. (राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन वेगळे, पण तेही बर्फातले नव्हेत.) हिवाळ्यात बघायचे ते ध्रुवीय अस्वल आणि जपानी मकाक माकडे. मकाकांना गरम पाण्याचे कुंड आहे आणि बर्फ पडत असताना ती त्यात बसतात. जिराफही थंडीत आतच भेटेल. मिशिगन तळ्यावरचा वारा मात्र अंगावर घेण्याजोगा नसतो, कानटोपी आणि हातमोजे विसरू नका.

वसंतात आणि उन्हाळ्यात झाडांवर रातबगळ्यांची वसाहत भरते. इलिनॉयमध्ये हा पक्षी धोक्यात आहे, आणि तो कुणी आणून ठेवलेला नाही, आपणहून येऊन घरटी बांधतो. त्या झाडांखालून डोके सांभाळून चाला.

डबा, पोरे, म्हातारी माणसे

बाहेरचे खाणे नेता येते, काचेच्या बाटल्या तेवढ्या टाळा. आतले खाणे महाग आणि शाकाहारी माणसाला फार पर्याय न देणारे. पोळीभाजीचे रोल किंवा ठेपले उत्तम. हिरवळीवर बसता येते. पक्ष्यांना, खारींना काही घालू नका, पोरांच्या हातातले पाकीट बंद ठेवा.

फिरता घोडा आणि छोटी रेल्वे यांना वेगळे पैसे पडतात. पोरे ते बघताच हट्ट धरतात, म्हणून एकच काय ते आधी ठरवून द्या. त्यापेक्षा दक्षिणेच्या लाकडी पायवाटेने तिथल्या छोट्या तळ्याला वळसा घालून शेतघराकडे जा. गायी, शेळ्या, डुकरे. भारतातून आलेल्या आजोबांना यात नवल वाटणार नाही, पण शहरात वाढलेली नातवंडे तिथून हलत नाहीत, आणि आजोबांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

व्हीलचेअर लागणार असेल तर पूर्व दाराजवळच्या अभ्यागत केंद्रात आल्या आल्या विचारा, त्या मोजक्याच असतात. वाटा बहुतेक सपाट आहेत.

जेवणानंतर पोरे पेंगुळली की प्राण्यांचा नाद सोडा. उत्तरेला लागून लिंकन पार्क काँझर्व्हेटरी आहे, काचेखालची बाग, तीही मोफत. वेळ आधी नोंदवावी लागते का ते आदल्या दिवशी तपासा. हवा बरी असेल तर पूर्वेला चौपाटीपर्यंत चालत जाता येते.

डिसेंबरात रोषणाईचा कार्यक्रम असतो, त्याला ‘मोफत’ गृहीत धरून जाऊ नका. बहुतेक रात्री तिकीट असते आणि ते आधी घ्यावे लागते. शिवाय त्या वेळी प्राणी फारसे दिसत नाहीत, दिवे बघायला जायचे. वर्षातून चार-पाच वेळा गाडीनेच येणाऱ्यांनी सदस्यत्वाचा हिशेब करून बघावा, पार्किंगच्या सवलतीत बरेचसे वसूल होते.

परतीची मेट्रा मात्र सकाळीच बघून ठेवा. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात. 151 ची बस मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या गर्दीत अडकते, म्हणून युनियन स्टेशनसाठी हातात किमान पाऊण तास ठेवून स्टॉकटनच्या थांब्यावर या.